तक्रार आली नाही म्हणजे दिवा ठीक आहे?

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, वागळे इस्टेटमध्ये एकदा फिरून या. रोड नंबर १६ घ्या, २२ घ्या, नाहीतर आतली कुठलीही गल्ली घ्या. बहुतेक शेडचं शटर वर असतं. लेथ मशीन पुसूनपासून चकचकीत, बेडवर हळदकुंकू, चकला झेंडूचा हार. वर्षभर ज्या कोपऱ्यात झाडू गेला नाही तो कोपरा त्या दिवशी झाडला जातो. मालक स्वतः चिंध्या घेऊन उभा असतो! कुठला बोल्ट ढिला झालाय, कुठला बेल्ट चिरलाय, तेल कुठून गळतंय, सगळं त्या निमित्ताने नजरेखालून जातं. आपण त्याला पूजा म्हणतो. पुस्तकात त्यालाच प्लॅन्ड मेंटेनन्स म्हटलंय. मशीन बंद पडायच्या आधी, दिवस ठरवून, त्याला हात लावायचा. व्याख्या एवढीच आहे, बाकीची तीन पानं परीक्षेसाठी.

आता शटरच्या बाहेर या. समोर दिव्याचा खांब आहे. त्याला हार तर सोडाच, त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. बुंध्याजवळच्या जंक्शन बॉक्सचं झाकण गायब, आतल्या वायरी काळ्या टेपने गुंडाळलेल्या, वर केबलवाल्यांची वेटोळी आणि मधोमध कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर. १९६२ साली ज्या जागेपासून एमआयडीसीची सुरुवात झाली, त्या वागळे इस्टेटमध्ये मशीनची काळजी कशी घ्यायची हे कुणाला शिकवायची गरज नाही. मग शेडच्या आतलं शहाणपण उंबऱ्याच्या बाहेर का येत नाही?

माझ्या मते कारण असं की आपल्याकडे रस्त्यावरच्या दिव्यांची देखभाल तारखेवर चालत नाही, तक्रारीवर चालते. दिवा गेला, कुणीतरी फोन केला, गाडी आली, दिवा लागला. वरवर यात काही चूक दिसत नाही. पण जरा खोलात गेलं की दिसतं, या पद्धतीत काही बिघाड कधीच सापडू शकत नाहीत आणि काही माणसं कधीच मोजली जात नाहीत.

हे मला कुठून कळलं ते सांगते. गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत मी वागळेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ट्रेनिंगला जात होते. तिथे इलेक्ट्रिकल पॅनल बनतात. डिसेंबरात ठाण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि आम्ही सुटायचो साडेसातला. रिक्षा मिळेपर्यंत दहा-बारा मिनिटं चालायचं. त्या रस्त्यावर काही दिवे बंद असायचे. वर्कशॉपमध्ये एक जुने वायरमन काका आहेत. त्यांना मी म्हटलं, "काका, अर्धे दिवे गेलेत हो बाहेरचे."

ते म्हणाले, "अर्धे? मोजलेत का मॅडम?" (काका मला मॅडम म्हणायचे ते चिडवायला.)

दुसऱ्या दिवशी मोजले. तिसरा बंद, सहावा बंद, नववा बंद, बारावा बंद. काकांनी स्क्रू ड्रायव्हर खालीसुद्धा ठेवला नाही. "मग दिवे गेलेले नाहीत, एक फेज गेलीय."

किती साधं आहे बघा! रस्त्यावरचे दिवे तीन फेजवर ओळीने वाटलेले असतात. पहिला आर, दुसरा वाय, तिसरा बी, चौथा परत आर. दर तिसरा खांब बंद असेल तर फेज बघायची. अख्खी रांग बंद असेल तर फिडर पिलर उघडायचा, टायमर किंवा कॉन्टॅक्टर गेला असणार. भर दुपारी सगळे दिवे चालू असतील तर बहुतेक कॉन्टॅक्टर चिकटलाय. एकच दिवा बंद असेल तर तो दिवा. आणि जुना सोडियमचा पिवळा दिवा रात्रभर लागतो-विझतो-लागतो करत असेल तर तो म्हातारा झालाय. त्याला जळत राहायला लागणारं व्होल्टेज इतकं वाढतं की चोक ते पुरवू शकत नाही, मग तो विझतो, थंड होतो आणि पुन्हा पेटतो. आपल्याकडे लोक त्याला भुताचा दिवा म्हणतात. तो बिचारा महिनाभर आधी सांगत असतो की मला बदला. ऐकायला रस्त्यावर कुणी नसतं एवढंच.

फेजचं निदान हातात आल्यावर मी उत्साहाने तक्रारीचा फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, खांबाचा नंबर सांगा. नंबर बघायला गेले तर रंग उडालेला, आणि जो भाग शाबूत असावा त्यावर बॅनर! मग "जवळची खूण सांगा" आणि त्यानंतर "तो रस्ता आमच्याकडे येतो का बघावं लागेल". तीन फोन झाल्यावर मी सोडून दिलं. मी कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण फोनवरच्या माणसाचा दोष मला तरी दिसत नाही. त्याच्यासमोर यादीच नसेल तर तो तरी काय करणार?

या सगळ्यात मला एक गोष्ट कळली जी कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. तक्रार कोण करतं? जो त्या रस्त्यावर राहतो तो. किसननगरला, श्रीनगरला सोसायट्या आहेत, चाळी आहेत, सेक्रेटरी आहेत, नगरसेवकाचा मोबाईल नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे. तिथला दिवा गेला तर अर्ध्या तासात चार फोन. पण कारखान्यांच्या मधल्या रस्त्यावर रात्री राहतं कोण? वॉचमन आणि कुत्री. दिवसा हजारो माणसं येतात, पण ती मतदार कुठली? दिव्याची, मुंब्र्याची, कळव्याची, डोंबिवलीची. आठ तास, बारा तास काम करून जो माणूस लोकल पकडायला धावतोय, तो दुसऱ्याच्या वॉर्डातल्या खांबासाठी फोन करत बसेल का? गाडीवाल्याला तर फरकच पडत नाही, त्याचा स्वतःचा हेडलाईट आहे. दिव्याची खरी गरज असते चालणाऱ्याला, आणि तक्रार करायला वेळ नसतो तोही चालणाराच.

आता वागळेत आयटी कंपन्या आल्यात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बायकांना त्यांच्या संमतीने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेतही काम करता येतं आणि मालकाने त्यांना घरापर्यंत सोडायची सोय करायची असते. छान आहे. पण आमच्या वर्कशॉपमध्ये वायरिंगच्या टेबलावर बसणाऱ्या ताई साडेसात-आठला सुटतात. कायद्याच्या भाषेत ती रात्र नव्हेच! गेटच्या आत मालकाची जबाबदारी, लोकलमध्ये रेल्वेची, आणि मधल्या दहा-बारा मिनिटांची? ती त्या खांबाची. त्या ताई तिघी-चौघी जमल्याशिवाय निघत नाहीत. एकीचं काम राहिलं तर बाकीच्या थांबतात. हा थांबलेला वेळ कुणाच्याही मस्टरवर लागत नाही.

हे झालं माणसांचं. आता ते बिघाड, ज्यांची तक्रार येणं शक्यच नाही.

रस्त्यावरच्या प्रकाशाचा फॉर्म्युला आठवतोय? दिव्याचे ल्युमेन, गुणिले युटिलायझेशन, गुणिले मेंटेनन्स फॅक्टर, भागिले खांबांतलं अंतर गुणिले रस्त्याची रुंदी. १५० वॅटचा सोडियम दिवा धरा, १५,००० ल्युमेन. युटिलायझेशन ०.४. खांब ३० मीटरवर, रस्ता १० मीटर रुंद. नवीन असताना सरासरी २० लक्स. मेंटेनन्स फॅक्टर ०.७५ घेतला की उत्तर येतं १५ लक्स, आणि आयएस १९४४ प्रमाणे शहरातल्या ए-२ गटाच्या मुख्य रस्त्याला १५ लक्सच लागतात. चौकट करायची, पाच मार्क.

ते ०.७५ आपण "दिलेलं आहे" म्हणून लिहितो. पण ते दिलं कुणी? त्याचा अर्थ असा की डिझाईन करणारा म्हणतोय, दिव्याची काच अमुक महिन्यांनी कुणीतरी पुसणार आहे आणि दिवा अमुक तासांनी कुणीतरी बदलणार आहे. म्हणजे तो आकडा नाहीच, ते एक वचन आहे, आणि तेसुद्धा दुसऱ्याच्या वतीने दिलेलं! काच पुसायला कुणी आलंच नाही, वागळेची धूळ, ट्रकचा धूर आणि पावसाळ्यातले किडे आत साठत गेले, दिवाही जुना झाला, तर तेच ०.७५ खाली येऊन ०.५ होतं. मग रस्त्यावर १० लक्स. एकही दिवा बंद नाही, रजिस्टरमध्ये तक्रार शून्य, आणि रस्ता मात्र एक तृतीयांशाने अंधारलेला. डोळ्याला हळूहळू सवय होते. "दिवा थोडा मंद वाटतोय हो" असा फोन आजवर कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

दुसरा बिघाड जिवावरचा आहे. समजा खांबाच्या आत वायरचं इन्सुलेशन घासून फेज खांबाच्या लोखंडाला लागली. अर्थिंग चांगलं असेल तर भरपूर करंट जमिनीत जातो, फ्यूज उडतो, दिवा बंद. म्हणजे बंद दिव्याने इथे आपल्याला वाचवलं. पण अर्थिंग गंजलेलं असेल, रेझिस्टन्स २० ओहम झाला असेल, तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. फ्यूज १६ अँपिअरचा असेल तर तो उडणारच नाही. दिवा झक्क चालू राहील आणि खालचा खांब शॉक द्यायला तयार. वर जून ते सप्टेंबरचा आपला पाऊस, बुंध्याशी साठलेलं पाणी, आणि कुणीतरी छत्री सावरायला खांबाला हात लावतो. अशा बातम्या आपण दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या शहरातून वाचतो. तक्रारीची वाट बघणाऱ्या पद्धतीत या खांबाची पहिली तक्रार म्हणजे एक मृत्यू असतो. हा बिघाड सापडायचा तर मे महिन्यात अर्थ टेस्टर घेऊन खांबोखांबी जावं लागतं, फिडर पिलरमधलं लीकेजचं संरक्षण दाबून बघावं लागतं, झाकणं लावावी लागतात. दुसरा कुठलाही उपाय मला तरी माहीत नाही. नालेसफाई पावसाळ्याच्या आधी करायची असते हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ झालंय, मग खांबांनाच वेगळा न्याय का?

इथे होस्टेलवर कुणीतरी नक्की म्हणणार, "अगं, आता सगळीकडे एलईडी आलेत, मेंटेनन्स कसला?" ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारने रस्त्यांवरच्या दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि ईईएसएलमार्फत देशभरात एक कोटी तीस लाखांहून जास्त एलईडी दिवे बसले. विजेची बचत झाली, याबद्दल वादच नाही. पण "पन्नास हजार तास" हा जो आकडा खोक्यावर असतो तो नीट वाचा. रोज ११ तास धरले तर वर्षाला साधारण ४,००० तास होतात, म्हणजे कागदावर साडेबारा वर्षं. आणि तो आकडा बहुतेक वेळा एल-७० चा असतो, म्हणजे तेवढ्या तासांनंतर दिव्याचा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येतो. एलईडी सोडियमसारखा लागून-विझून सांगतही नाही, तो गुपचूप म्हातारा होतो! शिवाय चिप टिकते पण तिला वीज देणारा ड्रायव्हर आधी जातो, विजेच्या सर्जने किंवा उष्णतेने. आणि काचेवरची धूळ, गंजका बुंधा, तुटकं झाकण, खराब अर्थिंग? दिवा बदलला म्हणून खांब नवीन झाला का?

आता तर पिलरवर मॉनिटरिंगची यंत्रणा बसवतात. लाईनचा करंट कमी झाला की कळतं, इतके दिवे बंद आहेत. उपयोगी आहे. पण काच मळलीय हे ती सांगत नाही. आणि टक्केवारीचा एक घोळ आहे, तो लक्षात ठेवा. समजा १,००० दिव्यांपैकी ९५ टक्के कायम चालू ठेवायची अट घातली. ५० बंद चालतील. ते विखुरलेले असतील तर कुणाला कळणारही नाही. पण तेच ५० एका ओळीत असतील तर ३० मीटरच्या हिशेबाने दीड किलोमीटरचा सलग अंधार, आणि अट तरीही पूर्ण! सरासरी ही फार सोयीस्कर गोष्ट आहे, आपल्या अ‍ॅग्रिगेटसारखीच.

गंमत म्हणजे जुन्या काळी ही अडचण नव्हती. मुंबईत १८६५ साली रस्त्यावर गॅसचे दिवे लागले तेव्हा रोज संध्याकाळी माणूस प्रत्येक खांबापाशी जाऊन दिवा पेटवायचा. काच फुटली, खांब वाकला, तर त्याच दिवशी दिसायचं. रोजची तपासणी त्या कामातच होती. विजेने तो माणूस वजा केला. दिवा लावायला आता जावं लागत नाही, ही प्रगतीच, पण त्याच्याबरोबर रोज खांबाकडे बघणारी नजरही गेली आणि तिच्या जागी आपण ठेवला एक फोन नंबर. ब्रिटनमध्ये २००४ साली रस्त्यावरच्या दिव्यांसाठी जी नियमावली निघाली, तिच्यात रात्री फिरून बंद दिवे टिपायची ठराविक दिवसांची गस्त आणि दर सहा वर्षांनी प्रत्येक खांबाची विद्युत चाचणी सांगितली होती. म्हणजे ती नजर त्यांनी कागदावर परत आणली.

लांब कशाला, आपला रविवारचा मेगाब्लॉक घ्या. आपण सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतो. पण ओव्हरहेड वायर तुटायची वाट न बघता, आधी जाहीर करून, लाईन बंद ठेवून काम करणं म्हणजे दुसरं काय? कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे "देखभाल" हा शब्द मला मराठीच्या पुस्तकातून नाही, महावितरणच्या मेसेजमधून कळला, "देखभाल व दुरुस्तीच्या कामासाठी वीजपुरवठा बंद राहील". देखभाल आधी, दुरुस्ती नंतर. शब्दांचा क्रमसुद्धा बरोबर आहे बघा.

आता पैशांचं. "बजेट कुठंय?" हा प्रश्न येणारच, म्हणून समजुतीपुरता हिशेब करते, आकडे माझे आहेत. शिडीची गाडी आणि तीन माणसं, दिवसाला ८,००० रुपये धरा. तक्रारीप्रमाणे शहरभर फिरलं, ट्रॅफिकमध्ये अडकलं, तर दिवसात आठ दिवे होतील. दिव्यामागे १,००० रुपये, तेही नुसते तिथे पोहोचायचे. तीच गाडी एका रस्त्यावर ओळीने चालवली तर दिवसात ३२ खांब होतील. खांबामागे २५० रुपये. त्याच खेपेत काच पुसली, झाकण लावलं, अर्थिंग तपासलं, नंबर रंगवला. ज्यांचं आयुष्य थोडं शिल्लक आहे असे दिवेही यात बदलले जातील, ते नुकसान खरं आहे. पण २५० आणि १,००० मधली तफावत बघता मला ते परवडतं असं वाटतं. माझ्या मते ठेक्यातच अट हवी, पैसे निवारलेल्या तक्रारींवर नको, ठरल्या तारखेला तपासलेल्या खांबांवर हवेत. आज ज्याला तक्रारीमागे पैसे मिळतात त्याने दिवा चांगला टिकेल असा का बसवावा, सांगा?

आणि यादी. प्रत्येक खांबाला नंबर, नंबरापुढे दिवा कधी बसला, काच कधी पुसली, अर्थ रेझिस्टन्स किती. एक साधं रजिस्टर. वागळे इस्टेटमध्येच आयटीआय आहे, तिथे दरवर्षी वायरमन, इलेक्ट्रिशियन शिकून बाहेर पडतात. एका रस्त्याची यादी त्यांच्याकडून एका आठवड्यात होईल. आपल्याकडे तर दरवर्षी फायनल इयरला "स्मार्ट स्ट्रीट लाईट" नावाचे प्रोजेक्ट होतात. थर्मोकोलचा रस्ता, खेळण्यातली गाडी, सेन्सर, गाडी आली की दिवा लागतो, टाळ्या! एकाही ग्रुपने खऱ्या खांबाखाली लक्स मीटर धरलेला मी पाहिलेला नाही. (सीनियर्स, रागावू नका.)

म्हणून सुरुवात घरापासून. मेन गेटपासून गर्ल्स होस्टेलच्या पायऱ्यांपर्यंत ३१ खांब आहेत. लक्स मीटर आणि अर्थ टेस्टर दोन्ही आपल्या लॅबच्या कपाटात आहेत, एचओडी सरांनी वापरायची परवानगी दिली आहे. सबमिशन संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता अर्थिंग आणि झाकणं, अंधार पडल्यावर लक्स. दोन खांबांमध्ये नऊ ठिकाणी रीडिंग घ्यायचं, त्यामुळे माणसं पुष्कळ लागतील, सिव्हिल आणि मेकॅनिकलवालेही चालतील. बॉक्स उघडणार ते कॉलेजचे वायरमन काका, आपण कुणी हात लावायचा नाही. स्लीपर घालून येऊ नका, रबरी सोलचे बूट घाला. रजिस्टर मी आणते.